नवी मोजणी

शेवटचा साधा दिवस दह्यानं सुरू झाला. मला कामासाठी बार्सेलोनाला जायचं होतं. तिसऱ्या मजल्यावरून पिशवी घेऊन उतरत होते, तर दुसऱ्या मजल्यावर बाबा दार उघडून उभे. एका हातात दह्याचा प्लास्टिकचा डबा, दुसऱ्या हातात साखरेची वाटी.

"अनघाताई, थांबा. बाहेरगावी निघालात ना?"

"संध्याकाळी परत येतेय, काळमेघसाहेब."

"संध्याकाळी या नाहीतर वर्षानं या. बाहेरगाव ते बाहेरगाव. हात पुढे करा."

मी हात पुढे केला. त्यांनी तळहातावर चमचाभर दही घातलं, वर साखर भुरभुरवली. मी आधी वरची साखर जिभेनं टिपली, मग दही खाल्लं.

"आमची ठमीसुद्धा असंच करायची," ते म्हणाले. "साखर आधी. तिची आई ओरडायची, दोन्ही एकत्र खा म्हणून. ऐकेल तर शपथ!"

मी हसले आणि जिना उतरले.

ठमी म्हणजे मी. ते माझे वडील. लिहिताना मी त्यांना बाबा म्हणते आहे. पण वॅलेन्शियात आम्ही दोघं एका जिन्यावर दोन वर्षं राहिलो आणि तोंडानं मी हा शब्द एकदाही उच्चारला नाही.

संध्याकाळी परतले तेव्हा ऊन अजून चौकातच होतं. तिथलं ऊन निघायला तयार नसतं, जेवायला थांबलेल्या पाहुण्यासारखं. संत्र्याच्या झाडाखालच्या बाकावर बाबा आणि विसेंत बसले होते. विसेंत तळमजल्यावर राहतो. आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेला, पंच्याहत्तरीचा, कमालीचा थट्टेखोर. दोघांच्या कानांत दुभाष्या होता. हे कानात घालायचं भाषांतराचं यंत्र आता इतकं स्वस्त झालंय की भाजीवालेही वापरतात. दोघं आपापल्या भाषेत भांडायचे आणि दोघांना सगळं कळायचं.

"आज कालव्याच्या कडेनं समुद्रापर्यंत गेलो," बाबांनी मला सांगितलं. "नवी वाट काढली. हा म्हणतो ट्रामनं जा. मी म्हटलं, ट्राममध्ये बसलं की रस्ता ट्रामला कळतो, आपल्याला नाही."

"चाळीस वर्षं ट्राम चालवणाऱ्याला सांगतोय बघ," विसेंत म्हणाला.

"झालं काम?" बाबांनी विचारलं.

"झालं."

"दही लागू पडलं म्हणायचं."

"मग उद्या मलाही दे," विसेंत म्हणाला. "लॉटरीचं तिकीट काढणार आहे."

"लॉटरीचं दुकान कोपऱ्यावर आहे. कोपरा म्हणजे बाहेरगाव नव्हे. दही मिळणार नाही."

रोज सकाळी बाबांच्या खिडकीवरची पट्ट्यांची झडप खडखडत वर जायची. तो आवाज मला वर ऐकू यायचा, आणि मग मी चहा ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला नाही.

*

बाबा अकोल्याला मोजणी खात्यात होते. दोन भावांच्या शेतांमधला बांध नेमका कुठून जातो हे ठरवण्यात त्यांची उभी नोकरी गेली. जमिनीत पुरलेला हद्दीचा दगड ते काठीनं टोचून शोधायचे आणि मग सगळ्या भाऊबंदांना तिथे उभं करून दाखवायचे. असा माणूस निवृत्तीनंतर एका सकाळी दूध आणायला गेला आणि आमच्याच गल्लीच्या तोंडाशी पिशवी घेऊन थांबला. आत शिरायचं की नाही, त्यांना कळेना.

मग ते पुन:पुन्हा हरवू लागले. मी एका महाविद्यालयाची ग्रंथपाल होते. फोन आला की वाचनालय शिपायाच्या हवाली करून स्कूटर काढायची. आई त्याआधीच वारली होती. रात्री दाराला आतून कुलूप, किल्ली माझ्या उशीखाली आणि माझे डोळे उघडे.

हा आजार कुठून सुरू होतो ते डॉक्टरांना बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. आपल्या मेंदूत जागांचा नकाशा सांभाळणाऱ्या पेशी असतात. ठरावीक कोपऱ्यावर आलं की ठरावीक पेशी जागी होते, वळलं की दुसरी. आजाराचा पहिला घाव याच भागावर पडतो. म्हणून पुष्कळ माणसं नावं विसरण्याआधी रस्ते विसरतात.

नवा शोध लागला तो झोपलेल्या पेशींचा. म्हाताऱ्या मेंदूतही काही कोवळ्या पेशी कामाविना पडून असतात. कानामागे चिकटवलेल्या पट्टीतून विजेची अगदी सौम्य स्पंदनं दिली आणि दिवसभर भरपूर उजेड डोळ्यांत गेला, तर त्या जाग्या होतात. पण जागी झालेली पेशी लगेच काम मागते. काम मिळालं नाही तर मरते. जुन्या जागीच काम दिलं, तर ती सडत चाललेल्या जुन्या नकाशाला ठिगळ लावायला धावते आणि त्याच्याबरोबर संपते. प्रयोगशाळेतले उंदीर नेहमीच्या पिंजऱ्यात सुधारले नाहीत. अनोळखी पिंजऱ्यात सोडलेले सुधारले. उपाय एवढाच निघाला : रोग्यानं आयुष्यात कधी न पाहिलेल्या गावी जाऊन राहायचं. गाव सपाट हवं, चालण्याजोगं हवं, उन्हाचं हवं.

अकोल्यात ऊन कमी नव्हतं. पण ते ओळखीचं ऊन होतं.

मग शहराशहरांत करार झाले. भूमध्य समुद्राकाठची म्हातारी माणसं नाशिकला, म्हैसूरला आली. आपली तिकडे गेली. विसेंतचा थोरला भाऊ नाशिकला राहतो. त्याला विसेंत आठवत नाही, पण टोमॅटो उत्तम पिकवतो असं ऐकते.

कारण औषधाला पथ्य होतं. जुन्या जागेशी बांधलेलं काही बरोबर न्यायचं नाही. फोटो नाहीत, भांडी नाहीत, घरचे वास नाहीत. माणसंही नाहीत. आठवणीतली माणसं एकेकटी नसतात. प्रत्येक जण कुठल्या तरी दारात, कुठल्या तरी ओट्यापाशी उभा असतो. माणूस ओढला की मागून घर येतं. माझ्या मागून तर अख्खं अकोला आलं असतं. म्हणून पहिले सहा महिने घरच्या कुणी भेटायचं नाही. पुढे भेटायचं तर नव्या गावचं माणूस म्हणून, नव्यानं.

हे बाबांना कसं समजवायचं याची मी तयारी करत होते. पण त्यांच्या एका स्वच्छ सकाळी त्यांनीच ते माहितीपत्रक चष्मा लावून वाचलं आणि खाली ठेवलं.

"म्हंजे जुने दगड हलवाचे नाहीत," ते म्हणाले. "नवी मोजणी कराची. पटलं मले."

घरात बाबा वऱ्हाडीच बोलायचे.

"अन् तू वं, ठमे?"

"मी येईन मागून."

"कोन म्हनून येशीन?"



*

सहा महिन्यांनी मी वॅलेन्शियात उतरले. एका परदेशी संग्रहालयाच्या सूची करण्याचं काम मिळवलं होतं. ते कुठूनही करता येत होतं, अधूनमधून बार्सेलोनाला गेलं की झालं. परदेशी रहिवाशाचा परवाना मिळाला, तिसरा मजला मिळाला. केस कापून घेतले. जुन्या नकाशाबरोबर अलीकडचे चेहरेही गेले होते; बाबांच्या आठवणीतल्या ठमीला कमरेपर्यंत वेणी होती आणि वय पंचवीस. आरशातल्या बाईचे केस पिकलेले होते आणि पंचेचाळिशी उलटली होती. अंपारो फेरर या तिथल्या डॉक्टर. त्यांनी मला समोर बसवून सगळ्या सूचना दिल्या : गावाचं नाव नाही, नातं नाही, जुनी गाणी नाहीत.

बाबा जिन्यातच भेटले. भाजीची पिशवी घेऊन वर येत होते. रंग उजळला होता, पाठ सरळ झाली होती.

"तुम्ही भारतातल्या?" त्यांनी विचारलं.

"हो. मराठी."

"अरे वा! मराठी!" पिशवी पायरीवर ठेवून त्यांनी मला नमस्कार केला. दोन्ही हात जोडून, मान लववून. आपल्या मुलीला कुणी असा नमस्कार करत नाही.

"मी अनघा." ते खोटं नव्हतं. फक्त बाबांनी ते नाव शाळेच्या दाखल्यापलीकडे कधी वापरलं नव्हतं.

"आडनाव?"

मराठी माणूस आडनाव विचारल्याशिवाय पुढचं बोलत नाही, हे डॉक्टर अंपारोंना कुठून माहीत असणार! "दाते," मी म्हटलं. मला भूगोल शिकवणाऱ्या बाईंचं आडनाव.

"गाव कोणतं?"

"पुणे."

"असू द्या," बाबा म्हणाले. "त्याला तुम्ही काय करणार."

मग त्यांनी मला गाव दाखवलं. पाव कुठला चांगला, दुपारी दुकानं किती वेळ बंद असतात, रस्त्यावरच्या झाडांची संत्री का खायची नाहीत. "कडू जहर. मी पहिल्या दिवशी खाल्लं. सगळा चौक हसला." प्रत्येक वळणाच्या आधी ते सांगायचे, आता उजवीकडे एक निळं दार येईल. आणि निळं दार यायचं. दुधाच्या पिशवीसह गल्लीच्या तोंडाशी थांबलेला माणूस माझ्यापुढे दोन पावलं चालत होता आणि चुकत नव्हता. मला रडू आलं. उन्हाचा चष्मा होता, त्यामुळे निभावलं.

त्या रात्री मी बारा तास झोपले.

*

शेजारीण होण्याचे काही फायदे असतात. मुलीला जे कधी ऐकायला मिळत नाही ते शेजारणीला चहाबरोबर मिळतं.

बाबा मला ठमीबद्दल सांगायचे. ठमी फार वाचते. जेवताना पुस्तक उभं करून ठेवते, पेल्याला टेकवून. ठमी स्वयंपाक बरा करते, पण मिठाचा हात आखडता. हे ऐकल्यावर मी पुढच्या भातात चिमूटभर मीठ जास्त घालून खाली पाठवला. "तुमचा हात सढळ आहे," बाबांनी निरोप दिला. "ठमीला शिकवायला हवं." ठमीनं लग्न केलं नाही. का ते त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. "विचारायला हवं होतं का हो?" असं मात्र त्यांनी मला विचारलं.

"तिला राग आला असता," मी म्हटलं.

"तेच. म्हणून राहिलं."

चौकातल्या सगळ्यांना ठमी ठाऊक होती. विसेंत तिला तामी म्हणायचा. तामी कधी येणार, हा त्याचा दर रविवारचा प्रश्न. "मोजणी चालू आहे," बाबा उत्तर द्यायचे. "मोजणी चालू असताना जुन्या दगडाला हात लावायचा नसतो. संपली की बोलावू."

आता हे ऐकताना वाईट वाटत नव्हतं का? वाटत होतं. पुस्तकांत अशा वेळी माणसं खिडकीशी जाऊन उभी राहतात. मी कप विसळायचे. आणि मनात कुठे तरी एक बाई रोज हिशेब लावायची की आणखी वर्षभरानं नकाशा पक्का झाला की सांगता येईल. एकदाच. हळूच.

मग विमलआत्या आली.

बाबांची धाकटी बहीण. युरोपच्या सहलीला आली होती आणि बार्सेलोनाचा एक दिवस बुडवून आमच्याकडे थडकली. मी तिला स्टेशनापासून घरापर्यंत सगळं समजावत आणलं.

"अवं, सख्खी बहीन हावो मी त्याची," आत्या म्हणाली. "मले पाहून अन् तो हरवीन?"

"आत्या, डॉक्टर म्हणतात की..."

"डॉक्टर म्हंते! सख्ख्या बापाले काळमेघसाहेब म्हंतेस अन् मले डॉक्टर सांगतेस. नाटक कंपनी काढली का वं इथं?"

"तू माझ्या ओळखीची आहेस एवढंच म्हणायचं. पुण्याची."

"पुन्याची? तोंडावर सांगू मी, पुन्याची? यापरीस माहा जीव घे."

पण कबूल झाली. बाबांच्या घरात तासभर नीट वागलीही. त्यांना अहो म्हणाली, कॉफी प्यायली, समुद्राची चौकशी केली. त्यानंतर आपण कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जात नाही, या एवढ्या एका सवयीनं घात केला. तिनं पिशवीतून डबा काढला आणि मी पुढे होण्याआधी झाकण उघडलं. कैरीचं लोणचं. मोहरी आणि हिंगाचा वास पूर्ण स्वयंपाकघरात पसरला.

बाबांचा हात कपावर तसाच राहिला.

"इमल?" ते म्हणाले. "तू कवा आली?"

"पाह्य!" आत्यानं माझ्याकडे वळून विजयानं बघितलं. डोळ्यांत पाणी. "पाह्य, वळखलं का नाही? रक्त हाय ते, रक्त!"

पुढची काही मिनिटं सुंदर होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोघं बहीणभाऊ त्या डब्यातलं लोणचं बोटानं चाटत ओसरीवरच्या कुठल्याशा भांडणाबद्दल बोलत होते. बाबा वऱ्हाडीत बोलत होते. मी दाराशी उभी होते, आणि ते आता माझ्याकडे बघतील याची वाट बघत होते.

त्यांनी बघितलं. नजर माझ्यावरून सरकून दारावर गेली.

"ठमी शाळेतून आली नाही अजून?" ते उठले. त्यांनी बाल्कनीचं दार उघडलं, मिटलं. कपाटाचं दार उघडलं. "ओसरी कुठं गेली? इमल, ओसरी कुठं गेली आपली?"

आत्या आणि मी एकमेकींवर आवाज चढवत होतो तेवढ्यात ते बाहेर पडले. कानामागची पट्टी त्यांनी उपटून टेबलावर ठेवली होती.

वॅलेन्शियाची नदी फार पूर्वी शहराबाहेर वळवली आहे. जुन्या कोरड्या पात्रात मैलोन्‌मैल बाग आहे. विसेंतला ते तिथे सापडले. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून विचारत होते, मोर्णेचं, म्हणजे आमच्या अकोल्याच्या नदीचं, पाणी कुठं गेलं. विसेंतनं काही समजावलं नाही. "चल, आपण शोधू," म्हणाला आणि हात धरून घरी घेऊन आला. उन्हं तेव्हा उतरत होती.

आत्या जिन्यात बसून होती. डब्याचं झाकण घट्ट लावलेलं, दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरलेला. "माह्या हातानं झालं वं," ती म्हणाली, "माह्या हातानं." मला तिचा राग आला होता, पण तो तिथेच संपला. मी तिच्याजवळ पायरीवर बसले.

बाबा सावरायला बरेच आठवडे लागले. पुन्हा पट्टी, पुन्हा ऊन, पुन्हा निळं दार. एके दिवशी ते मला जिन्यात म्हणाले, "अनघाताई, दिसला नाहीत बऱ्याच दिवसांत," आणि मला एकदम हलकं वाटलं. डॉक्टर अंपारोंनी मात्र मला बोलावून घेतलं. "या वेळी परत आले," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी येतील असं धरून चालू नका. वर्षानं नाही, पाच वर्षांनी नाही. कधीच नाही."

म्हणजे 'बाबा' हा शब्द माझ्याजवळ होता, आणि तो वापरला तर ज्याच्यासाठी वापरायचा तोच माणूस जाणार होता. मी त्या दिवसापासून मनातला हिशेब बंद केला.

*

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका दुपारी आम्ही बाकावर ऊन खात बसलो होतो. विसेंत तपासणीसाठी दवाखान्यात गेला होता. निघताना त्याच्याही तळहातावर दही पडलं होतं. घरचं सगळं मागे टाकून आलेल्या माणसाला हे कसं आठवतं, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. हातांच्या सवयी मेंदूत वेगळीकडे राहतात, त्या म्हणाल्या होत्या. त्यांना गाव लागत नाही.

"तुम्ही परक्या, म्हणून तुम्हाला सांगतो," बाबा अचानक म्हणाले. "ठमीला नसतं सांगितलं."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"सगळे समजतात मी इथं बरा व्हायला आलो. डॉक्टरीणबाईसुद्धा. तसं नाही ते. माझी मुलगी झोपत नव्हती. उशीखाली किल्ली ठेवून जागी असायची. मला रस्ते कळत नव्हते, पण तेवढं कळत होतं. कूस बदलली की किल्ली वाजायची. मी पडल्यापडल्या ऐकायचो." त्यांनी संत्र्याचं एक पान उचलून दुमडलं. "ती झोपावी म्हणून आलो मी. बरा झालो ते वरकड."

चौकात कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"आता झोपत असेल का हो ती?"

"झोपते," मी म्हटलं.

"तुम्हाला काय माहीत?"

"वडील ठीक आहेत हे कळलं की मुली झोपतात, काळमेघसाहेब."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग मान हलवली. एखाद्या बांधाची हद्द दोन्ही बाजूंना मान्य झाली की ते अशी मान हलवायचे.

"मग बरं झालं," ते म्हणाले.

*

झडपेचा आवाज आला नाही त्या सकाळी मी खाली गेले. बाबा कुशीवर झोपले होते. चपला पलंगाखाली जोडून ठेवलेल्या, निघण्याच्या दिशेनं. डॉक्टर अंपारो म्हणाल्या, झोपेतच, हृदय. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

आत्याला फोन केला. बातमी सांगितली.

"हरवला तर नवता न वं?" तिनं विचारलं.

"नाही आत्या. काल समुद्रापर्यंत एकटे जाऊन आले. नवी वाट काढली होती."

"मंग सुटला माहा भाऊ," ती म्हणाली. "अन् तू?"

"मी ठीक आहे."

खोटं नव्हतं. ज्या गावात ते गेले ते त्यांना पाठ होतं. माझ्या इतक्या वर्षांच्या धास्तीत नेहमी याच्या उलट व्हायचं : कुठल्या तरी अनोळखी नाक्यावर, कुणाला तरी घर विचारत. ते झालं नाही. पोटात गेली कित्येक वर्षं आवळलेली एक मूठ सुटली होती आणि तिच्या जागी दुःख येऊन बसलं होतं. दुःख तिच्या मानानं फार साधं होतं.

तिथे अंत्यदर्शनासाठी गावाबाहेर एक इमारत असते. एक दालन, पलीकडे काच, काचेमागे फुलं आणि माणूस. पुढच्या ओळीत एक लांब कोच कुटुंबासाठी राखलेला असतो. येणारा प्रत्येक जण आधी त्यांना भेटतो. मी आत शिरले आणि सवयीनं मागच्या खुर्चीवर चौकातल्या लोकांत जाऊन बसले. सकाळी कचेरीत मुलगी म्हणून सही करताना हात अडखळला नव्हता. पण तिथे कुणी ऐकत नव्हतं.

कोच रिकामा होता. पावाच्या दुकानातली बाई आली, त्या रिकाम्या कोचाकडे बघून गोंधळली आणि उभी राहिली.

विसेंत काळा कोट घालून आला. हातात किराणा दुकानाची पिशवी. तो काचेजवळच्या छोट्या दाराशी गेला. तिथल्या तरुण मुलीनं त्याला थांबवलं.

"आत फक्त घरच्यांना जाता येतं," ती म्हणाली. "कुटुंबातलं कोण आहे?"



"मुलगी आहे," विसेंत म्हणाला. "भारतात असते. तामी." मग तो खुर्च्यांकडे वळला. "तिला कळवलं का कुणी? अनघा, तुझ्याकडे नंबर आहे का तिचा? दोन वर्षं आम्ही तिच्याबद्दल ऐकतोय, आणि आज तिलाच माहीत नाही, हे बरं नाही."

मी उठून त्याच्याजवळ गेले. त्यानं पिशवी उघडून मला दाखवली. आत दह्याचा डबा होता, कागदाच्या पुडीत साखर होती आणि चमचा.

"हसू नकोस," तो म्हणाला. "बाहेरगावी निघालं की तो आम्हाला हे द्यायचा. आज तो निघालाय. असाच कसा जाऊ द्यायचा? पण हे मी देऊन चालत नसेल. घरच्या माणसानं द्यायचं असतं ना?"

"हो," मी म्हटलं. "घरच्याच माणसानं."

"मग?"

काचेपलीकडे बाबा होते. पट्टी काढलेली, कानामागे तिची फिकट खूण. आता त्या शब्दानं कुणी हरवणार नव्हतं.

"आण ती पिशवी," मी म्हटलं. "तामी मीच. ठमी. मी त्यांची मुलगी आहे."

दुभाष्याला भाषांतर करायला क्षणभर लागतो. तो क्षण गेला आणि विसेंतचा चेहरा बदलला. पावाच्या दुकानातल्या बाईनं तोंडावर हात ठेवला. विसेंतनं मला काही विचारलं नाही. ज्याचा भाऊ नाशिकला आहे त्याला विचारावं लागत नाही. त्यानं फक्त डब्याचं झाकण काढून दिलं आणि त्या मुलीला म्हणाला, "हिला आत सोड. ही घरची आहे."

मी आत गेले. आत थंड होतं, आणि लिलीच्या फुलांचा वास होता. त्यांचा उजवा हात छातीवर होता. मी चमच्यात दही घेतलं, वर साखर भुरभुरवली.

"बाबा," मी मोठ्यानं म्हणाले, "हात पुढे करा."